गाव कुठलं तुमचं? : नागालँडमधले नऊ दिवस

दिवस १ : दिमापूर ते कोहिमा

दिमापूर विमानतळाबाहेर टॅक्सीत बसलो आणि चुमुकेदिमाचा नाका यायच्या आतच ड्रायव्हरने विचारलं, "आपुनि लागा बस्ती कोत आसे?" आसामीवर पोसलेली नागामीज ही इथली बाजाराची भाषा. 'लागा' म्हणजे चा-ची-चे, 'बस्ती' म्हणजे गाव. 'आसे' ऐकून शेजारी बसलेली माझी मामेबहीण खुदकन हसली. आमच्या मालवणीत 'आसा', इथे 'आसे'. मी सांगितलं, मुंबई. त्याने मान हलवली. मुंबई म्हणजे टाउन, बस्ती सांगा. मग कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावाचं नाव सांगितलं. ते त्याने तोंडात दोनदा घोळवलं आणि मग स्वतःची ओळख दिली. आधी गाव, मग गावातलं खेल (म्हणजे आपली वाडी म्हणा), मग अंगामी ही जमात. 'नागा' हा शब्द त्याच्या तोंडी आलाच नाही.

पुढचे नऊ दिवस हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारला. नागा कोण, हे मला तिथल्या संग्रहालयापेक्षा या एका प्रश्नातून जास्त कळलं.

सत्तरेक किलोमीटरचा घाट चढून कोहिम्यात पोचलो तेव्हा साडेचार वाजले होते आणि दिवेलागण झाली होती. ऑक्टोबरअखेरीस इथे पाचला चक्क रात्र असते, दुकानंही लवकर मिटतात. दिवसाची आखणी पहाटे पाचपासून करा, आपल्या घड्याळाच्या सवयीने चाललात तर निम्मा दिवस वाया जाईल. नागालँडला जायला आपल्याला इनर लाइन परमिट लागतं. १८७३ च्या ब्रिटिश कायद्यातून आलेली ही गोष्ट आता ऑनलाइन मिळते. तीन-चार प्रती काढून ठेवा, नाक्यानाक्यावर दाखवावी लागते.

दिवस २ : कोहिमा

सकाळी वॉर सिमेटरी. दुसऱ्या महायुद्धातली कोहिम्याची लढाई ४ एप्रिल ते २२ जून १९४४ अशी चालली. जपानची ३१ वी डिव्हिजन इथे येऊन थडकली आणि डेप्युटी कमिशनरच्या बंगल्यातलं टेनिस कोर्ट ही जपानी आणि ब्रिटिश-भारतीय सैन्यांमधली हद्द झाली. त्या कोर्टाच्या पांढऱ्या रेषा आज गवतात सिमेंटने आखून ठेवल्या आहेत. एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाला हाक मारली तर सहज ऐकू जाईल, एवढंच ते अंतर. टेकडीच्या उतारावर १४२० कबरी, प्रत्येकीवर ब्राँझची पाटी, बहुतेकांचं वय वीस-बावीस. सगळ्यात वर एक स्मारक आहे. दहन झालेल्या ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं त्यावर कोरली आहेत. तिथे आम्ही बराच वेळ नुसत्या वाचत उभ्या होतो.

मराठी माणसाने इथे आणखी एक नाव आठवावं. संगशाक हे मणिपुरात, उखरुलच्या बाजूला असलेलं तांगखुल नागांचं गाव. मार्च १९४४ मध्ये तिथे छत्री सैनिकांच्या ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण, ४/५ मराठा, जपान्यांना अडवून लढली. तिथे गेलेल्या त्या दिवसांमुळे कोहिम्याला तयारीला थोडी उसंत मिळाली. शाळेत असताना हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या तालुक्यातल्या किती घरांत पलटणीचा फोटो भिंतीवर आहे! त्यातल्या कुणाचे आजोबा त्या डोंगरावर होते का, हे आता गावी गेल्यावर विचारायचं ठरवलं आहे.

या युद्धात नागांनी वाटाडे म्हणून, हमाल म्हणून, लढवय्ये म्हणून काम केलं. गावं मात्र त्यांचीच जळाली. हे युद्ध मुळात त्यांचं नव्हतंच. त्याआधी १९२९ साली नागा क्लबने सायमन कमिशनला निवेदन दिलं होतं की इंग्रज जाणार असतील तर आम्हाला आमच्यावर सोडा, आम्ही पूर्वीसारखे आमचे आम्ही राहू. एकमेकांशी वैर असलेल्या गावांनी 'आम्ही नागा' असं एका कागदावर लिहून दिलं, ते या निवेदनात. त्याअर्थी नागा ही ओळख शंभरेक वर्षांची आणि गावाची ओळख त्याहून कितीतरी जुनी.

दुपारी बाजारात गेलो. बहुतेक विक्रेत्या बायकाच. पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत जिवंत मासे आणि बेडूक, टोपल्यांत गोगलगायी, गांधीलमाशीच्या पोळ्यात वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या, पानात बांधलेलं आखुनी, म्हणजे आंबवलेला सोयाबीन. कुणी नाक मुरडत असेल तर त्याने आधी आमच्या गावचा सुका बांगडा भाजतानाचा वास आठवावा. माझं लक्ष होतं राजा मिरचीवर, म्हणजे जगभर गाजलेली नागा मिरची. तिला २००८ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. विकणाऱ्या बाईने माझ्या हातातून मिरची काढून घेतली, देठाला धरून वास घ्यायला लावला आणि बोट डोळ्याला लावायचं नाही अशी खूण केली. वास आंब्याच्या बाठ्यासारखा गोडूस. तिखटपणा नंतर, सावकाश, आणि मग बराच वेळ.

दिवस ३, ४ आणि ५ : खोनोमा

कोहिम्यापासून वीसेक किलोमीटर. ठरवलं होतं एक रात्र, राहिलो तीन.

शेवटच्या वळणावर गाव दिसलं तेव्हा भाताची खाचरं पिवळीधमक झाली होती. डोंगराच्या पोटातून खाली दरीपर्यंत पायऱ्या-पायऱ्या. आम्ही कोकणातल्या, भात आम्हाला नवीन नाही, पण एवढ्या उंच उभ्या डोंगराला दगडी बांध घालून पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरवत नेलेलं आम्ही पहिल्यांदा पाहिलं. भाताचे वीसेक वाण गावात आहेत. बांबूच्या नळ्या, पाटाचं पाणी, कुणाला किती वेळ मिळायचं याचे कायदे, हे सगळं गावाच्या तोंडी चालतं.

आमची घरमालकीण साठीची. तिला सगळे आंटी म्हणत, म्हणून आम्हीही. संध्याकाळी तिच्या चुलीपाशी बसायचं हाच कार्यक्रम. चूल जमिनीवर, तीन दगडांची, तिच्या वर टांगलेल्या माळ्यावर डुकराच्या मांसाचे लांब तुकडे महिनोन् महिने धुरावर वाळत असतात. काळेभोर, लाकडासारखे कडक. आंटीने त्यातला एक काढला, गरम पाण्याने खसाखसा धुतला, दाओने म्हणजे कोयत्याने लहान तुकडे केले आणि आखुनी टाकून शिजत ठेवला. आखुनी हा मूळचा सुमी जमातीचा पदार्थ. शिजवलेला सोयाबीन पानात बांधून चुलीजवळ उबेला ठेवायचा, तीन-चार दिवसांत तो चिकट होतो, तार सुटते. वास तीव्र, चव मात्र खोल. फोडणी नाही, तेल नाही, हळद नाही. आलं, मिरची, धुराचा वास आणि मीठ. पहिल्या घासाला काहीतरी राहिलं आहे असं वाटलं, तिसऱ्या घासाला वाटलं की आपण घरी उगाच इतकं घालत असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाल्हो, म्हणजे तांदूळ, पालेभाजी आणि धुरावल्या मांसाची गरमागरम पेज. मामेबहीण म्हणाली, "गो, ही तर आपली पेजच." पेजेच्या मोबदल्यात मी पिशवीतली आमसुलं दिली. आंटीने एक चोखून पाहिलं, डोळे मिटले आणि उरलेली पुडी उचलून डब्यात ठेवली.

शाकाहारी लोकांसाठी : उपाशी राहावं लागत नाही. भात, डाळ, उकडलेल्या भाज्या, टोमॅटोची भाजून केलेली चटणी मिळते. घरगुती मुक्कामात आदल्या दिवशी सांगा आणि 'मांसाचा रस्सासुद्धा नको' हे स्पष्ट बोला.

आंटीचा मुलगा आम्हाला शेतावर घेऊन गेला. इथली फिरती शेती बघायची होती. झूम म्हटलं की आपल्याकडे जंगल जाळणारी, वाईट शेती असं पुस्तकात लिहिलेलं असतं. सह्याद्रीतली कुमरीही अशाच शिव्या खाऊन बंद पडली. खोनोम्यात ती आल्डरच्या झाडांत करतात. हे झाड ते तोडत नाहीत, डोकं छाटतात. माणसाच्या उंचीवर खोड कापायचं, कापलेल्या जागेवर ओली माती लिंपायची आणि वर एक चपटा दगड ठेवायचा. दगडामुळे फुटवे बाजूने फुटतात. दोन वर्षं खाली मका, बटाटा, मिरची पिकवायची, मग काही वर्षं झाडाला वाढू द्यायचं. आल्डरच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र जमिनीत आणतात, म्हणून रान पुन्हा ताकद धरतं. मी एका झाडाजवळ गेले. पिढ्यान् पिढ्या छाटून त्याचं डोकं मुठीसारखं गाठाळ झालेलं. शेवाळ, आतून डोकावणारं एक नेचं आणि मधोमध तो दगड, अर्धा खोडातच रुतून बसलेला. हे झाड पणजोबांच्या आधीचं आहे, असं मुलाने सांगितलं. आमच्याकडे राब भाजायला ऐनाच्या फांद्या दरवर्षी उतरवतात. छाटणं तेच, पण असा दगड आमच्यात कुणी ठेवल्याचं मला आठवत नाही.

गावाने १९९८ साली स्वतःचं अभयारण्य केलं, वीस चौरस किलोमीटर. त्याच्या आधी १९९३ च्या सुमारास एका आठवड्यात तीनशेच्या आसपास ट्रॅगोपान मारले गेले होते. ट्रॅगोपान म्हणजे लाल-तपकिरी अंगावर ठिपके असलेला रानकोंबड्याच्या जातीचा देखणा पक्षी, आज नागालँडचा राज्यपक्षी. शिकार ही जिथे पुरुषपणाची खूण होती, जिथे घरोघरी बंदूक होती, तिथे गावसभेने शिकार बंद केली. वनखात्याने नाही. जमीन मुळी सरकारची नव्हेच. घटनेच्या ३७१(अ) कलमाने नागालँडमध्ये जमीन आणि रूढी यांवर तिथल्या लोकांचा हक्क राखला आहे. आंटीचा मुलगा स्वतः पूर्वी शिकारीला जायचा. त्याला विचारलं, अवघड गेलं का? तो म्हणाला, गावाने ठरवलं. पुढे काही सांगायची गरज त्याला वाटली नाही.

खोनोमा हे लढाऊ गाव. १८७९ च्या ऑक्टोबरात डॅमंट या इंग्रज अधिकाऱ्याला या गावाच्या वेशीवर मारलं. त्यानंतर इंग्रजांचा वेढा मार्च १८८० पर्यंत चालला. गावातला दगडी किल्ला अनेकदा पडला आणि पुन्हा बांधला गेला. याच गावचे नागा नेते अंगामी झापू फिझो. १४ ऑगस्ट १९४७ ला, भारताच्या एक दिवस आधी, त्यांच्या नागा नॅशनल कौन्सिलने स्वातंत्र्य जाहीर केलं. पुढे लष्कर आलं, लष्कराला विशेषाधिकार देणारा १९५८ चा कायदा आला, गावं जळाली, माणसं जंगलात गेली. १ डिसेंबर १९६३ ला नागालँड सोळावं राज्य झालं तरी लढाई थांबली नाही. टिकली ती शस्त्रसंधी झाली १९९७ साली. फिझो लंडनमध्येच १९९० साली वारले आणि मग मातीसाठी घरी आले.

गावाच्या रस्त्यालगत एक स्मारकशिळा आहे. नागांच्या भूमिगत सरकारच्या पहिल्या अध्यक्षाची. त्यावर इंग्रजीत लिहिलं आहे की नागा हे भारतीय नाहीत, त्यांची भूमी भारतीय संघाचा भाग नाही आणि हे सत्य आम्ही कायम राखू. मी ते दोनदा वाचलं. छातीत काहीतरी अडकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. आमच्या सोबत आंटीची धाकटी मुलगी होती. ती पुण्यात तीन वर्षं शिकली. तिला "दादा, किती झाले?" आणि "पुढे चला" असं मराठी नीट येतं. मी काही बोलले नाही, तीच बोलली. पुण्यात रिक्षात बसलं की विचारायचे, तुम्ही कुठल्या देशाच्या? नागालँड म्हटलं की म्हणायचे, ते कुठे आलं? घर भाड्याने बघायला गेलं की मालक आधी चेहऱ्याकडे बघायचा, मग म्हणायचा खोली गेली. "इथे हा दगड," ती म्हणाली, "आणि तिथे ते. मी कुठली ते मी दरवेळी ठरवू?"

तिला काय उत्तर द्यायचं असतं? मी कोथरूडमध्ये राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा नंबर तिला दिला, पुन्हा पुण्यात आलीस तर खोली मिळेपर्यंत त्याच्याकडे राहा म्हणून. एवढंच माझ्या हातात होतं.

मधला दिवस रविवार होता. रविवारी गाव चर्चमध्ये. १८७२ साली क्लार्क नावाचे अमेरिकन मिशनरी आओ नागांच्या मोलुंगकिमोंग गावात पोचले, तिथून पुढे सगळं राज्य बहुतांशी ख्रिस्ती झालं. डोंगरावरून चार आवाजांत म्हटलेली भजनं खाली दरीत उतरत होती. टिप एवढीच की रविवारी प्रवास ठेवू नका. गाड्या, दुकानं, खानावळी सगळं बंद.

दिवस ६ : वोखा, पांगती

शेअर सुमोचा पाटा तुटला आणि आम्ही चार तास एका वळणावर बसलो. अशा वेळी पाण्याची बाटली आणि बिस्किटं सोबत असावीत. एटीएमही मोठ्या गावांतच आहेत, म्हणून रोख रक्कम जवळ ठेवा. पांगतीला पोचलो ते उन्हं उतरता उतरता, आणि तेच बरं झालं.

पांगती हे लोथा नागांचं गाव, दोयांग धरणाच्या वर. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सैबेरिया आणि उत्तर चीनकडून निघालेले अमूर ससाणे दक्षिण आफ्रिकेला जाताना इथे उतरतात. पंख फुटलेली वाळवी खाऊन अंगावर चरबी चढवतात आणि मग पुढचा पल्ला गाठतात. दीडशे ग्रॅम वजनाचा पक्षी. २०१२ साली इथे काय झालं ते जगाने व्हिडिओत पाहिलं. रात्रीच्या मुक्कामाच्या झाडांना मासेमारीची जाळी बांधून ते धरले जात, सोलून, भाजून विकले जात. त्या हंगामात लाखाहून जास्त मारले गेल्याचा अंदाज निघाला. पुढच्या वर्षी, २०१३ मध्ये, एकही मारला गेला नाही. गावसभा, चर्च, पक्षी वाचवणाऱ्या संस्था सगळे एकत्र बसले. पूर्वी जाळी लावणारेच राखणदार झाले.

आमच्याबरोबर मचाणावर आलेले काकाही पूर्वी जाळं लावायचे. ते हे शांतपणे सांगतात, लपवत नाहीत. त्या पैशांतून मुलांची फी भरली होती. "शाळेची फी तर आजही भरायचीच आहे," ते म्हणाले, आणि हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही हे मला तिथे कळलं. होमस्टेमध्ये राहा, गावातलाच वाटाड्या घ्या, पाहुण्यांचा पैसा गावात राहू द्या, असं मी आवर्जून सांगते ते याचसाठी.

मग आभाळ भरलं. आधी दहा-वीस, मग शंभर, मग मोजता येईना. आवाज म्हणजे पावसाची सर येण्याआधी माडांच्या झावळ्यांत होतो तसा. पंख उलटे झाले की खालून पांढरे दिसत आणि सगळं आभाळ एकदम लुकलुकायचं. काका एका फांदीकडे बोट दाखवत राहिले. ती फांदी पक्ष्यांच्या वजनाने वाकली होती. पाठीवर ट्रान्समीटर लावून सोडलेल्या पहिल्या ससाण्यांना 'नागा', 'वोखा' आणि 'पांगती' अशी नावं दिली होती. मध्य भारत ओलांडून ते अरबी समुद्रावर झेपावतात. नोव्हेंबरमध्ये लोणावळ्याच्या माळावरही पक्षीनिरीक्षकांना ते दिसतात. काकांना हे माहीत होतं. "तुमच्यावरून जातात," ते म्हणाले. "तुमच्या लोकांना सांगा, मारू नका."

दिवस ७ : मोकोकचुंग

आओंचं शहर, स्वच्छ, चढउताराचं. शेजारच्या उंगमा गावात एका निवृत्त मास्तरांनी पुतू मेंदेन समजावलं. आओ गावाचा कारभार एका पिढीकडे तीस वर्षं असतो, मुदत संपली की ती पिढी उठते, पुढची बसते. हे ऐकताना आमच्या बारा-पाचाच्या मानकऱ्यांची आठवण येणं साहजिकच. मग त्यांनी लढवय्यांची शाल, त्सुंगकोतेप्सू, उलगडली. काळ्या-लाल पट्ट्यांच्या मधे पांढरा पट्टा आणि त्यावर काळ्या शाईने काढलेले मिथुन (गव्यासारखा प्राणी), हत्ती, वाघ, कोंबडा. शाल बायका विणतात, मधला पट्टा पुरुष रंगवतात. पूर्वी ती वाटेल त्याला पांघरता येत नसे. बाजारात छापील नक्कल तीनशे-चारशेला मिळते, हातमागाची कित्येक पटींनी महाग. घ्यायची तर हातमागाची घ्या आणि कुठली शाल कुणी पांघरावी हे विकणाऱ्या बाईला विचारूनच घ्या.

दिवस ८ आणि ९ : मोन, लोंगवा

मोकोकचुंगहून मोनला जायचं तर आसामात उतरून, सोनारीवरून पुन्हा चढायचं. वाटेत तिझिटनंतर गाडीतल्या गप्पा हळू झाल्या. याच जिल्ह्यात ओटिंग आहे. ४ डिसेंबर २०२१ ला कोळशाच्या खाणीतून घरी निघालेले सहा मजूर लष्कराच्या गोळीबारात मेले, अतिरेकी समजून. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी आणखी माणसं गेली. आमच्या शेजारी बसलेल्या बाईने खिडकीबाहेर बघत फक्त एवढंच सांगितलं की त्यातले काही जण तिच्या नवऱ्याबरोबर शाळेत होते.

लोंगवा हे कोन्याकांचं गाव. इथल्या अंघचं, म्हणजे राजाचं, घर भारत आणि म्यानमारच्या सरहद्दीवर आहे. सीमारेषा घरातून जाते. अंघची आण दोन्ही बाजूंच्या गावांवर चालते. मी एका खांबापाशी उभी होते आणि फोनने आपोआप म्यानमारचं नेटवर्क धरलं. घड्याळ एक तास पुढे गेलं, चार पावलं मागे आले तर पुन्हा आपली वेळ. गावातल्या माणसाची शेती पलीकडे, शाळा अलीकडे, सासर पलीकडे. सोळा किलोमीटरपर्यंत ये-जा करायची मुभा होती. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने ती बंद करण्याचं आणि कुंपण घालण्याचं जाहीर केलं, तेव्हा लोंगवाने विरोध केला. ही रेघ गावानंतर आली आहे. माझ्या मते या प्रश्नावर आधी गावाचं ऐकायला हवं.

संध्याकाळी एका आजोबांच्या घरी गेलो. ऐंशीच्या पुढचे. चेहऱ्यावर गोंदण, आता सुरकुत्यांत विरलेलं, गळ्यात पितळी मुंडक्यांची माळ. शत्रूचं डोकं आणणाऱ्यालाच असं गोंदण मिळे. अंघच्या घरातल्या बायका ते काट्याने टोचत. १९६० च्या दशकापर्यंत हे चाललं. या पिढीतले आता मोजके उरलेत. पर्यटक येतात, फोटो काढतात आणि किती डोकी कापली ते विचारतात. कृपा करून हे विचारू नका. तो त्यांचा धर्म होता, तो त्यांनी स्वतः सोडला आणि आता म्हातारपणी परक्यांपुढे त्याचा पाढा वाचायला लावू नये. फोटोआधी विचारा, काही पैसे द्यायची पद्धत आहे, ते द्या.

आम्ही काळा चहा प्यायलो. नातू दुभाष्या. आजोबांनी बराच वेळ आमच्याकडे बघून एकच गोष्ट विचारली. नातवाने सांगायच्या आत मला कळली. मी गावाचं नाव सांगितलं. मग त्यांनी विचारलं, किती घरं? भात होतं का? पाणी डोंगराचं की नदीचं? आणि कोण राहतं तिथे आता? शेवटच्या प्रश्नाला मी थांबले. आमची निम्मी घरं बंद आहेत, माणसं मुंबईत, असं सांगितलं. आजोबांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. नातू म्हणाला, आजोबा विचारतायत, मग घरात चूल कोण पेटवतं?

दुसऱ्या दिवशी दिब्रुगढवरून विमान धरलं.

डिसेंबरमध्ये जत्रेला गावी गेलो तेव्हा खळ्यातून खोनोम्याला व्हिडिओ कॉल लावला. आंटीला आमचं घर, विहीर, रचलेली भाताची उडवी दाखवली. मामेबहिणीने चुलीवरची पेज दाखवली. आमसुलं संपली होती, ती तिने मागितली. मग मी फोन घेऊन कुंपणाकडे गेले, तिथे राबासाठी फांद्या उतरवलेला ऐन उभा होता. आंटी फोनच्या अगदी जवळ आली, तिचं अर्धं कपाळच दिसायला लागलं. तिने मुलीला काहीतरी विचारलं. मुलगी हसत म्हणाली, "आई विचारते आहे, याच्यावर दगड का नाही ठेवला?"